अजमानच्या तळ्यातली मगर आणि दर्भाचा कावळा

अजमानला मुद्दाम फिरायला जाणारे थोडेच. लोक दुबईला फिरायला जातात, दुबईची भाडी परवडत नाहीत म्हणून अजमानला राहतात आणि उरलेलं आयुष्य या दोन गावांमधल्या रस्त्यावर गाडीत बसून काढतात. मी मात्र तिकीट काढून खास अजमानला गेलो, तेही श्राद्ध सांगायला. त्यामुळे वाळूवरची जीपगाडी, उंच मनोरा किंवा सोन्याचा बाजार यांची माहिती शोधत इथे आलेल्या वाचकांनी खुशाल परत फिरावं. पुढे फक्त एक तळं आहे, एक मगर आहे आणि माझी मावशी आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस माझ्या मावसभावाने, शिरीषने, एक फोटो पाठवला. हिरवट पाणी आणि त्यावर ट्रकच्या फाटक्या टायरसारखं काहीतरी काळपट. मागोमाग फोन.

"दादा, मगर आहे."

आम्ही सांगलीकर, कृष्णेत मगरी नेहमीच्याच. हे वाक्य आमच्याकडे भाजीच्या भावासारखं ऐकलं जातं. मी विचारलं, "कुठल्या घाटावर?"

"आमच्या घरामागे."

दोघांनाही अण्णा आठवले होते.

अण्णा म्हणजे शिरीषचे वडील, माझ्या सुधामावशीचे यजमान. जन्म कृष्णाकाठचा, नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यामुळे पाण्याशी त्यांचं घरचं नातं. निवृत्तीनंतर शिरीषने दोघांना अजमानला नेलं. व्हिलांची एक कॉलनी, तिचं नाव लिहीत नाही. तिथले भाडेकरू आधीच पुरेसे चिंतेत आहेत. मागे एक कृत्रिम तळं. अण्णांना तिथली एसीची हवा सोसायची नाही, म्हणून ते रोज संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर बसायचे. एके दिवशी घरी येऊन म्हणाले, तळ्यात मगर आहे. सगळे हसले. पुन्हा म्हणाले, तेव्हा शिरीषने समजावलं की हे सांडपाणी शुद्ध करून सोडलेलं पाणी आहे, खाली प्लॅस्टिक अंथरलंय, इथे नदी नाही. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. अण्णांनी सगळं बिनचूक सांगितलं आणि उठताना डॉक्टरांनाही सांगितलं, तळ्यात मगर आहे. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. गेल्या कार्तिकात हृदयविकाराने गेले.

आता कार्तिक पुन्हा आला होता, आणि मावशीने वर्षश्राद्धाला अट घातली होती: मोबाइलमधले गुरुजी नकोत, मला बोलवा. मी लहानपणी काही वर्षं पाठशाळेत होतो. पुढे वर्तमानपत्राचा वार्ताहर झालो, पण नात्यात कुणी गेलं की माझी ही दुसरी कारकीर्द कुणालाच आठवत नाही.

मुंबईहून शारजाला विमानं भरपूर आहेत आणि अजमानला जायला दुबईपेक्षा शारजाच सोयीचं. सामानात दर्भ न्यावा की नाही यावर मी बराच विचार केला. कस्टमच्या अधिकाऱ्याला वाळक्या गवताचं पारलौकिक महत्त्व कुठल्या भाषेत सांगायचं, ते न सुचल्याने नेला नाही. शिरीष घ्यायला आला होता. नोव्हेंबरातली संध्याकाळ, हवा सुखद, आणि तीनशे अकरा नंबरच्या महामार्गावर गाड्यांची न हलणारी रांग. वाटेत त्याने कडक चहा पाजला. दीड दिरहमचा. "म्हणजे पस्तीस रुपये," तो आपणहून म्हणाला. इतकी वर्षं तिथे राहूनही त्याच्या डोक्यातलं ते यंत्र बंद झालेलं नाही.

मगरीबद्दल त्याने सांगितलं ते असं. असले प्राणी घरी पाळायला तिथे बंदी आहे. कुणीतरी हौसेने हातभर पिल्लू आणलं असणार, ते वाढलं, मग भीतीने गुपचूप तळ्यात सोडलं. दोन आठवड्यांपूर्वी भरदुपारी ते काठावर ऊन खाताना दिसलं आणि कॉलनीच्या ग्रुपवर हलकल्लोळ झाला. पालिकेची माणसं पिंजरा लावून बसलीत, पण ते काही पिंजऱ्यात जात नाही.

एवढं सांगून झाल्यावर तो समोरच्या गाडीचे लाल दिवे बघत राहिला. मग म्हणाला, "मी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं, दादा."

रांग हलली नाही.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाच्या खरेदीसाठी त्याच्याबरोबर निघालो. त्याचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्सला. अजमानहून सकाळी वेळेवर पोचायचं तर अंधारात निघावं लागतं. प्रवाशांनी हा अनुभव एकदा घ्यावा, दुसऱ्यांदा घेऊ नये. तिथे काचेच्या इमारतींच्या मधोमध तळी आहेत. त्यांच्या काठावर माणसं गळ्यात ओळखपत्र अडकवून सॅलड नावाचा पालापाचोळा खात होती. मी नेमाने पाण्याकडे बघत होतो. एका बाईंनी मला काही हरवलंय का असं विचारलं. तिथून मेट्रोने बर दुबई. तिथल्या पूजासाहित्याच्या गल्लीत दर्भ मिळाला, प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर बारकोड. पाच दिरहम, म्हणजे एकशेवीस रुपयांचं गवत. काळे तीळही घेतले. आमसुलं आणि अळूची पानं जवळच्या करामा वस्तीत मिळतात; गवारही मिळाली, पण ती सांगलीच्या गवारीची लांबची, श्रीमंत झालेली नातेवाईक वाटली.

दुपारी टॅक्सीने अजमानला परतलो (ही चैन परवडत नाही, बस घ्यावी) आणि कॉलनीच्या फाटकाशी रफीकभाईंच्या दुकानात पाणी घ्यायला थांबलो. किराणा दुकानाला तिथे बकाला म्हणतात. रफीकभाई मूळचे श्रीवर्धनचे. आधी अबुधाबीजवळच्या मुसफ्फामध्ये वेल्डिंग करायचे, डोळे दुखायला लागले तसं दुकान टाकलं. या खेपेला मगर पहिल्यांदा दिसली ती त्यांना.

"मी म्हटलं, टायर टाकलाय कुणी मेल्यानं," ते म्हणाले. "काठीनं ढकलायला गेलो, तर टायरनं डोळा उघडला."

मग ग्लास पुसत, माझ्याकडे न बघता त्यांनी पुढचं सांगितलं. काकूंना तुम्ही जरा समजवा. त्या वर्षभर रोज तळ्यात भाताचा घास टाकतात. भातासाठी सगळे मासे त्या घसरगुंडीच्या कोपऱ्यात जमतात. आमच्या खाडीतलं पोरही सांगेल, मासे जिथे तिथे ते जनावर. पिंजरा लावलाय पार पलीकडे, गवतात. "मी कुणाला बोललो नाही. काकू अण्णांसाठी करतात, मला ठाऊक आहे. पण खलास, आता पुरे."

घरी मावशी वड्यांचं पीठ भिजवत होती. वर्षभरात ती लहान झाली होती. ओटा तिला उंच वाटत होता. मी विषय कसा काढावा या विचारात असताना शिरीषची मुलगी, अकरा वर्षांची ईरा, शेजारी येऊन बसली. मी तिला म्हटलं, तुमच्या तळ्यात म्हणे मगर आली.

"इट्स ॲन ॲलिगेटर, काका," ती दयेने म्हणाली. "क्रोकोडाइलचं तोंड पॉइंटेड असतं. धिस वन हॅज अ राउंड स्नाउट. अँड वन टो इज मिसिंग."

संस्कृतात या जलचराला नक्र, मकर, ग्राह अशी बरीच नावं आहेत, पण हरवलेलं बोट मोजण्याइतकं जवळ जाऊन ती कुणी दिलेली दिसत नाहीत.

"तू एवढ्या जवळून कधी पाहिलंस?" मी विचारलं.

ईराने आजीकडे पाहिलं. मावशीने पिठातला हात थांबवला आणि तिला वर जाऊन होमवर्क करायला सांगितलं.

मग मावशीने जे सांगितलं ते पीठ मळत, तुटक तुटक सांगितलं. दहाव्याला मोबाइलमधले गुरुजी मंत्र म्हणत होते, पिंड तळ्याकाठी ठेवला होता. कावळा आला, समोरच्या एसीच्या पेटीवर बसला, पण पिंडाला शिवला नाही. (शिरीषने मला हे नंतर सांगितलं, शेजारच्या बाकावरच्या फ्रेंच फ्राइजना मात्र काकस्पर्श झाला.) कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काही मनात राहिलं. सगळ्यांनी हात जोडून सांगून पाहिलं: ईराचं शिक्षण नीट करू, मावशीला सांभाळू. कावळा ढिम्म. शेवटी गुरुजींना दुसरा कॉल होता. त्यांनी दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श करायला सांगितला आणि कार्य उरकलं.

"ह्यांचं काय राहिलं होतं ते मला तेव्हाच कळलं," मावशी म्हणाली. "पण तेवढं एक वाक्य कुणी बोललं नाही. मीसुद्धा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवणातला पहिला घास काढून ती तळ्याच्या पायरीवर जायची आणि पाण्यात सोडायची. उन्हाळ्यात कधीतरी भाताभोवतीच्या माशांमागे दोन डोळे वर आले. रोज यायला लागले. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिलाही त्याच डॉक्टरांनी शंभरातून सात वजा करायला लावले असते. आता काठाला लाल-पांढरी पट्टी बांधली होती, तरी ती खालून वाकून जायचीच. शिरीष तोवर रस्त्यात असायचा, सूनबाई क्लिनिकमध्ये कामाला. ताट धरायला ईरा.

"दर्भाचा कावळा चालतो ना तुमच्या शास्त्राला?" तिने विचारलं. "मग जिवंत मगर का नाही चालत?"

"चालत असावी," मी म्हणालो.

"मंत्र सांगणाऱ्याने 'असावी' म्हणू नये."

पाठशाळेत आम्हाला शंका विचारायला शिकवलं होतं, पण शंका विचारणारी बाई नात्यातली आणि रडवेली असली तर काय करायचं, हे सांगायचं राहून गेलं असावं. मी फक्त माझ्या डोळ्यांसमोर होतं ते बोललो.

"मावशी, ईरा तुझ्याबरोबर पायरीवर उभी असते. तो प्राणी भाताला येत नाही. माशांना येतो. मासे कमी पडले की दुसरं बघेल."

पीठ कधीच मळून झालं होतं, तरी ती मळत राहिली. अजून अंधार पडला नव्हता. बाहेर मगरिबची, सूर्यास्ताची बांग झाली. ही तिची तळ्यावर जायची वेळ. तिने हात धुतले, ताटलीत घास काढला, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"उद्या श्राद्ध आहे," ती म्हणाली. "पिंड तेवढे त्याच पायरीवर सोडू दे. मग मीच सांगते त्या लोकांना, कुठे येतो ते. तोवर पोरगी पाण्याकडे जाणार नाही."

मी कबूल केलं आणि एक काम अंगावर घेतलं. पट्टी असूनही मुलं खालून सरकून घसरगुंडीवर जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपासून मी शिरीषची छत्री घेऊन घसरगुंडीशेजारी खुर्ची टाकून बसलो. प्रवासवर्णनात लेखक सूर्यास्त बघतात. मी इतरांची मुलं हाकलली. तीन भाषांत हाकलली. एका चिमुरडीने मला तू वॉचमन आहेस का असं विचारलं आणि मी हो म्हणालो.

त्याआधी सकाळी श्राद्ध नीट झालं. शिरीषने रजा घेतली होती. धोतर त्याने यूट्यूबवर बघून नेसलं होतं आणि ते मंत्रांपेक्षा आधी सुटेल अशी मला धास्ती होती. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं ओळीने वाढलेलं. पान एसीच्या पेटीजवळ ठेवलं. कावळे होते, लांब बसून बघत होते. मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पिंड सोडायला संध्याकाळी तळ्यावर गेलो. पालिकेच्या माणसांमधला मुख्य केरळचा होता, दमलेला, शांत. पट्टीच्या आत कुणाला सोडायची परवानगी नव्हती. मी त्याला हिंदीत समजावलं. त्याने विचारलं, बाप का है? शिरीषने मान हलवली. तो जरा थांबला आणि म्हणाला, दो मिनट, लेकिन पानी में हाथ नहीं. मग त्यानेच तरणतलाव साफ करायची लांब दांड्याची जाळी आणून दिली. जाळीत केळीचं पान, पानावर पिंड. मी विधी पुष्कळ पाहिलेत, असा पाहिला नव्हता.

शिरीषने दांडा धरला आणि जाळी पायरीपाशी पाण्यात टेकवली. भात विरघळू लागला. मासे आले, पाणी खदखदल्यासारखं हललं. मग एका क्षणी सगळे मासे एकदम नाहीसे झाले. पाणी सपाट झालं आणि त्यावर, दांड्याच्या टोकापासून फार तर हाताच्या अंतरावर, दोन डोळे वर आले. आधी नव्हते, मग होते.

केरळच्या माणसाने शिरीषला मागे खेचायला हात पुढे केला. मावशी हळूच म्हणाली, "थांबा." मराठीतच म्हणाली. तो थांबला.

डोळे हलेनात. मावशीने शिरीषकडे पाहिलं. शिरीष पाण्याकडे बघत होता. दांडा त्याने दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला होता की जाळी पाण्यात कापत होती.

"अण्णा, होती," तो म्हणाला. "मगर होती. तुम्ही खरं सांगत होतात."

डोळे पाण्याखाली गेले. त्याचा काही अर्थ लावू नये हे मला कळतं. मगरी पाण्याखाली जातातच. मावशीने पाण्याला नमस्कार केला, पदर नीट केला, केरळच्या माणसाकडे वळली आणि पायरीकडे बोट दाखवून तिच्या हिंदीत म्हणाली, "इधर आता है. रोज. अंधेरा होने से पहले. पिंजरा इधर लगाओ."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला हे कसं माहीत, असं त्याने विचारलं नाही. घरी जाईपर्यंत शिरीषनेही विचारलं नाही. मग विचारलं, आणि मायलेक बराच वेळ स्वयंपाकघरात दार लोटून होते.

सकाळी ती पिंजऱ्यात होती. आम्ही गेलो तेव्हा बाहेर काढून तोंडाला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, डोळ्यांवर ओलं फडकं. फोटोत अजस्र वाटली होती. प्रत्यक्षात माणसाएवढी लांब, आणि बरगड्या दिसतील इतकी हडकलेली. पुढच्या पायाचं एक बोट खरंच नव्हतं. गळ्याभोवती जुना वळ होता, कधीतरी दोरी किंवा पट्टा असणार. चौघांनी उचललं तेव्हा तिने अजिबात धडपड केली नाही. ईरा माझा हात धरून होती.

मावशी जवळ गेली. तिला कुणी अडवलं नाही. तिने तो वळ पाहिला, ते पाय पाहिले, पोटाखाली चिकटलेली माती पाहिली.

"हे नव्हेत," ती म्हणाली.

मग गाडीचं दार बंद झालं. तिला कुठे नेणार, हे मी वार्ताहराच्या सवयीने विचारलं; ठेवायची जागा आहे, इन्शाल्ला, असं उत्तर मिळालं. रफीकभाईंनी सगळ्यांना चहा पाठवला आणि पैसे घेतले नाहीत.

मी निघालो त्या दिवशी तळ्यातलं पाणी उपसायला सुरुवात झाली होती, आणखी काही आहे का ते बघायला. मासे ड्रममध्ये भरत होते. तळाशी अंथरलेलं प्लॅस्टिक उघडं पडलं होतं, काळं, सुरकुतलेलं. शिरीषचं एवढंच म्हणणं खरं निघालं. अण्णांचा बाक जागेवर होता. त्यावर मजुरांनी डबे ठेवले होते.

मावशीला मी चल म्हणालो होतो सांगलीला, चार महिने राहा. ती म्हणाली, तिथे आता ह्यांना ओळखणारी नदीच उरली, आणि मला काय तिच्याशी बोलता येतं? इथे ईरा आहे.

घरी येऊन महिना झाला. उरलेला दर्भ बारकोडसकट देवघराच्या फळीवर आहे. अजमानला जावं का, असं कुणी विचारलं तर काय सांगावं मला कळत नाही. नोव्हेंबरात हवा चांगली असते. चहा चांगला मिळतो. परवा घाटावर गेलो होतो. मगरीपासून सावध राहा असा रंग उडालेला फलक आहे तिथे, आणि त्याच्याच सावलीत बायका धुणं धुतात. इथे मगर दिसली असं म्हातारा माणूस म्हणाला, तर लोक आधी पाण्याकडे बघतात. आमच्या गावाचं कौतुक करावं असं फारसं काही नाही, पण हे आहे.

काल संध्याकाळी मावशीचा फोन आला. तळं कोरडंच आहे म्हणाली. पुन्हा भरतील की नाही, कुणी सांगत नाही. मी विचारलं, मग घास काढायचं थांबवलंस का.

"काढते की. सवय झालीय."

"आणि टाकतेस कुठे?"

फोनमध्ये ओट्यावर ताटली ठेवल्याचा आवाज आला.

"टाकते कुठे," ती म्हणाली. "सगळ्यांचं झाल्यावर मीच खाते."

मी हूं म्हणालो. तिने मला शास्त्र विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.